कस्टम रायफलमध्ये नेमकं काय कस्टम असतं? पैसे भरायच्या आधी विचारतोय

मिरजेचा_बाबा:
नमस्कार मंडळी. मी स्वतः नेमबाज नाही हे आधीच सांगतो, सगळं आयुष्य बँकेत गेलं आणि बंदूक पाहिली ती फक्त गेटवरच्या वॉचमनच्या खांद्यावर. पण धाकटा १९ वर्षांचा आहे आणि चार वर्षं झाली ५० मीटर नेमबाजी करतोय, प्रोन (पोटावर झोपून) आणि थ्री पोझिशन (गुडघ्यावर, झोपून आणि उभं राहून) दोन्ही. क्लबची पॉइंट टूटू (.२२ बोअरची) जर्मन रायफल वापरतो, ती वयाने त्याच्यापेक्षा मोठी. प्रोनला गेलं वर्षभर ६०८ ते ६१० मध्ये अडकलाय, काही केल्या पुढे सरकत नाही.

आता क्लबमधल्या एका सीनियरला त्याची रायफल विकायचीय. ॲक्शन (गोळी आत घेऊन उडवणारी यंत्रणा) जर्मनच, पण बॅरल नंतर अमेरिकेतलं कस्टम बसवलेलं, चेंबरसुद्धा तिकडच्याच गनस्मिथने कापलेलं, स्टॉक (खांद्याला-गालाला टेकवायचा सांगाडा) ॲल्युमिनियमचा. किंमत ऐकून सौ. दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. तो म्हणतो घेऊन टाका काका, सहासात पॉइंट नुसते रायफलने वाढतील. लायसन्स आणि कागदपत्रांचं मी बघतोय, तो प्रश्न नाही.

प्रश्न असा की बॅरल म्हणजे शेवटी पोलादाची नळीच ना? कारखान्यातून येते ती पण नळी आणि कस्टम ती पण नळी, मग अचूकता येते कुठून? आणि ते सहासात पॉइंट खरंच येतात का? कुणी साध्या मराठीत सांगेल तर उपकार होतील, मुलाला विचारलं तर तो म्हणतो बाबा तुम्हाला नाही कळणार.

बालेवाडीचा_जुना:
काका, मुलगा म्हणतो ते सोडून द्या, कळण्यासारखंच आहे सगळं. मी वीसेक वर्षं बालेवाडीच्या रेंजवर पोटावर झोपून काढलीत, आता पोरांना शिकवतो.

आधी टार्गेट समजून घ्या. ५० मीटरला दहाचं वर्तुळ १०.४ मिलिमीटरचं, म्हणजे साधारण शर्टाच्या बटणाएवढं. गोळी ५.६ मिलिमीटरची. गोळीची कड रेषेला शिवली तरी दहा मिळतो, त्यामुळे गोळीचा मध्य केंद्रापासून ८ मिलिमीटरच्या आत असला की दहा. आधी एवढंच पुरायचं, पण आता प्रोनला दशांशात मोजतात, प्रत्येक ०.८ मिलिमीटरला एक दशांश कटतो. १०.९ हवा असेल तर मध्य ०.८ च्या आत पाहिजे. ६० गोळ्या, जास्तीत जास्त ६५४.०. तुमच्या पोराचे ६०९ म्हणजे सरासरी १०.१५, म्हणजे त्याच्या गोळ्या केंद्रापासून सरासरी साडेसहा मिलिमीटरवर पडतायत.

आता या साडेसहातले रायफलचे किती आणि पोराचे किती हे तुम्हाला माहीत नाही, मला माहीत नाही आणि विकणाऱ्याला तर अजिबात माहीत नाही. म्हणून पहिलं काम, पोराला बाजूला ठेवा. स्टॉक काढून ॲक्शन वाइसमध्ये (शिकंज्यात) पकडायची आणि चारपाच वेगवेगळ्या लॉटच्या (कारखान्यातल्या खेपेच्या) गोळ्या प्रत्येकी १० च्या ग्रुपने मारायच्या. त्यात माणूस नसतो, श्वास नसतो, फक्त रायफल आणि गोळी. दोन्ही रायफली अशा लावून बघा, विकणाऱ्याची आणि क्लबची. जो विकणारा याला नाही म्हणेल त्याच्याकडून घेऊ नका, इतकं सोपं आहे.

कोकणी_ठासणी:
आमच्या आजोबांकडे शेती राखायला ठासणीची बंदूक होती. करवंटी टांगून सराव करायचे, नेम जिथे धरत त्याच्या हातभर डावीकडे लागायचं. पण दर वेळी हातभर डावीकडेच. म्हणून मग ते हातभर उजवीकडे नेम धरायचे आणि करवंटी फुटायची. त्याला कस्टम म्हणता येईल का 😄

टूलरूमवाला_भोसरी:
कोकणी भाऊ, हसण्यावारी नेऊ नका, अख्खा धागा तुम्ही चार ओळीत सांगून टाकलात. नेम कुठे लागतो ते साइटचे दोन क्लिक फिरवून सरळ होतं. दर वेळी तिथेच लागणं, त्याचे पैसे असतात.

मी टूलरूममध्ये आहे २६ वर्षं, डाय आणि गेज बनवतो, शनिवार-रविवार रेंजवर जातो. आधी एक गोष्ट ठळक: बॅरलला किंवा ॲक्शनला हात लावणं हे लायसन्स असलेल्या गनस्मिथचंच काम आहे, आपल्याकडे दुरुस्तीलाही आर्म्स ॲक्टमध्ये वेगळं लायसन्स लागतं, त्यामुळे आमच्या शॉपमध्ये बरं होईल म्हणून कुणी मेसेज करू नका, मागे दोघांनी केला होता.

आता नळीचं. तुम्ही म्हणता नळी ती नळी. पोलादाच्या सळईत लांब भोक पाडायचं म्हणजे ड्रिल आत सरळ जातच नाही, थोडं भरकटतं. बाहेरून बॅरल सरळ दिसतं, आत भोक केळ्यासारखं किंचित वाकडं असतं. हे प्रत्येक बॅरलमध्ये असतं, महागातल्या पण, फक्त कमीजास्त. मग रीमर मारून माप आणतात, मग आत फिरत्या खाचा करतात, पॉइंट टूटूला साधारण १६ इंचाला एक फेरा. खाचा करायच्या पद्धती वेगवेगळ्या, कुणी एक एक खाच थोडी थोडी कापत नेतो, कुणी कार्बाइडचं बटण दाबून एका दमात ओढतो, मोठे कारखाने बहुतेक आत मँड्रेल (खाचांचा उलटा साचा) घालून बाहेरून हातोडे मारतात. प्रत्येक पद्धतीतून चांगली बॅरल्स निघतात हे पण खरं, नुसती पद्धत बघून काही ठरवू नका.

कस्टमवाल्याचा खरा खेळ त्याच्यापुढे. तो आत वितळलेलं शिसं ओतून बॅरलच्याच आकाराचा बोळा बनवतो, त्याला बारीक पावडर लावतो आणि हाताने पुढे मागे, पुढे मागे. लॅपिंग. कुठे घट्ट लागतं, कुठे सैल पडतं ते हाताला कळतं. आमच्याकडे जुने लोक होनिंग करताना डोळे मिटून करायचे ना तसं. यातून भोक अगदी बरोबर ५.६ झालं का ते महत्त्वाचं नाही, सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकसारखं झालं का ते महत्त्वाचं. मायक्रॉनमध्ये मोजण्याची गोष्ट आहे. तोंडाकडे केसभर घट्ट होत गेलं तर अजून चांगलं. उलटं झालं, मधे घट्ट आणि पुढे सैल, तर मऊ शिशाची गोळी घट्ट जागेत दबून बारीक होते आणि पुढे तिला कुणी धरायलाच नाही, डुगडुगत बाहेर पडते. अशी नळी कितीही चकचकीत असली तरी लोखंडाच्या भावाची.

दुसरं चेंबर. गोळी जिथे बसते ती खोली. ती कापताना बॅरल लेथवर लावलं तर बाहेरच्या व्यासाला धरून सेंटर केलं की झालं असं वाटतं, पण आत भोक वाकडंय हे वर सांगितलं. म्हणून चांगला गनस्मिथ डायलची सुई आत भोकात घालून, खाचांच्या माथ्यावर टेकवून सेंटर काढतो. अर्धा दिवस जातो नुसता त्यात. एवढं करून मग रीमर. असं नाही केलं तर गोळी खाचांमध्ये तिरकी शिरते, आणि एकदा तिरकी शिरली की पुढे कितीही भारी बॅरल असो, ती तिरकीच बाहेर पडणार. कारखान्यात दिवसाला शेकड्याने बॅरल्स निघतात, तिथे एकेकाला अर्धा दिवस कोण देणार? कस्टमचे पैसे म्हणजे बऱ्याच अंशी त्या अर्ध्या दिवसाचे पैसे.

तिसरं क्राउन, म्हणजे नळीचं तोंड. गोळी सुटायच्या क्षणी मागचा गॅस चारी बाजूंनी एकदम सुटला पाहिजे. एका बाजूला सुईच्या टोकाएवढा बर (धातूचा कंगोरा) असला तरी गॅस तिकडून उशिरा सुटतो आणि गोळीच्या बुडाला ढकलतो. लहानपणी पाखरं हाकायला गोफण फिरवली असेल तर आठवा, सोडताना दोरी बोटात अर्धा क्षण अडकली तर दगड कुठे जातो ते. आधीचं फिरवणं कितीही झकास असू दे.

अभी_३१०६:
लांब बॅरल घ्या काका. जितकं लांब तितकं अचूक, ऑलिंपिकवाल्यांची बघा केवढी लांब असतात.

ओहायोचा_नाना:
अभी, तसं नाहीये. ती लांबी बऱ्याचदा पोकळ नळकांडं असतं बॅरलच्या पुढे लावलेलं, खाचा नसलेलं. पुढची साइट डोळ्यापासून लांब गेली की बारीक चूक जास्त चांगली दिसते म्हणून लावतात. खरं बॅरल आत बरंच आधी संपलेलं असतं. पॉइंट टूटूमध्ये दारू इतकी कमी असते की पंधरासोळा इंचात तिचा जोर जवळपास संपतो, पुढे गोळी नुसती घासत जाते. आणि सारख्याच जाडीचं आखूड बॅरल लांबपेक्षा ताठ असतं, कमी थरथरतं. लांब बॅरल वाईट असं नाही, पण लांबीमुळे अचूक असं पण नाही.

माझा अनुभव वेगळ्या प्रकारचा आहे, चालेल ना सांगितलेला? मी क्लीव्हलँडजवळ राहतो, मूळचा नगरचा. इकडे लेक ईरीच्या काठावर कॅम्प पेरी आहे, १९०७ पासून तिथे राष्ट्रीय स्पर्धा होतात, आणि पहिल्यांदा एका सहकाऱ्याबरोबर गंमत म्हणून गेलो तो अडकलोच. मी एफ क्लास करतो, म्हणजे झोपून, पुढे रेस्ट, मागे वाळूची पिशवी, दुर्बीण लावून. १००० यार्ड, म्हणजे ९१४ मीटर. तिथे दहाचं वर्तुळ १० इंचाचं आणि त्याच्या आत ५ इंचाचं एक्स. ओपन गटात रायफल दुर्बीण वगैरे धरून १० किलोपर्यंत चालते. म्हाताऱ्यांचा खेळ म्हणून चिडवतात लोक, पण तो वारा एकदा वाचून दाखवा म्हणावं.

तर मी पाच वर्षांपूर्वी पूर्ण कस्टम बनवून घेतली. ॲक्शन वेगळ्या कंपनीची, बॅरल वेगळ्याचं, ट्रिगर तिसऱ्याचा, स्टॉक लाकडाचे थर चिकटवलेला, आणि सगळं जुळवणारा गनस्मिथ दोन गावं पलीकडे. .२८४ विंचेस्टरचं चेंबर. आठ महिने वाट बघितली. हातात आल्यावर सत्यनारायण घालायचा बाकी होता फक्त.

आणि ती चालेना! म्हणजे चालायची, पण पाच गोळ्यांतल्या तीन एका भोकात आणि दोन दुसऱ्या भोकात, मधे बोटभर अंतर. पुढच्या वेळी दोन इकडे तीन तिकडे. मी दारू बदलली, गोळी बदलली, दुर्बीण बदलली, दोन महिने आणि एक अख्खा उन्हाळा त्यात घातला, बायको म्हणाली एवढ्यात घराला रंग झाला असता. शेवटी रेंजवरचा एक पंच्याहत्तरीचा म्हातारा म्हणाला तुझ्याकडे डायल गेज आहे का. त्याने चुंबकाचा स्टँड बॅरलवर बसवला, सुई स्टॉकच्या पुढच्या टोकाला टेकवली, आणि मला म्हणाला आता पुढचा स्क्रू हळूहळू सैल कर. मी सैल केला तर सुई फिरली. चांगली फिरली, दहा थाऊच्या (इंचाचा हजारावा भाग) वर, म्हणजे पाव मिलिमीटर. दोन थाऊच्या आत राहायला हवी होती. म्हणजे स्क्रू आवळला की ॲक्शन वाकून बसत होती, स्टॉकमध्ये तिची जागा सपाट नव्हतीच. तीन पायांच्या स्टुलावर माणूस शांत बसतो, चार पायांचं असेल आणि एक पाय आखूड असेल तर डुगडुगतो, तसं. दर गोळीच्या धक्क्याने ॲक्शन कधी या बाजूला बसायची कधी त्या.

जागा उकरून तिथे इपॉक्सी भरून बेडिंग नवीन केलं. त्याच गनस्मिथकडे नाही नेली, दुसऱ्याकडे. तीच बॅरल, तीच गोळी, आणि दोन भोकांचं एक भोक झालं. सगळ्यात महाग भाग घेतले होते मी, आणि नडलं काय तर चमचाभर इपॉक्सी.

म्हणून काका, मालक बॅरलचं नाव सांगेल, ते ऐका, पण ॲक्शन स्टॉकमध्ये कशी बसलीय ते विचारा. आणि बॅरल पुढे कुठे स्टॉकला टेकत नाहीये ना ते कागदाची पट्टी मधून सरकवून बघा, पाच मिनिटांचं काम आहे.

अजून एक. एकाच नामांकित मेकरची, एकाच रीमरने चेंबर केलेली दोन बॅरल्स होती माझ्याकडे. एक सोन्यासारखी आणि एक ठीकठाक. कारण कुणालाच सांगता आलं नाही. कस्टम म्हणजे चांगली निघण्याची शक्यता वाढते, खात्री मिळत नाही. तुमच्या हातात येतेय ती कितव्या नशिबाची आहे ते फक्त वाइसमध्ये कळणार.

मिरजेचा_बाबा:
बाप रे, एवढं मनापासून लिहाल वाटलं नव्हतं. सगळ्यांचे आभार. दोनदा वाचलं, मुलालाही वाचायला दिलं, तो म्हणाला हे काका लोक कोण आहेत.

दोन शंका. एक, बालेवाडीचे सर म्हणाले वेगवेगळ्या लॉटच्या गोळ्या, तर एकाच कंपनीच्या एकाच नावाच्या गोळीत लॉटने एवढा काय फरक पडणार? दोन, ते सहासात पॉइंट?

बालेवाडीचा_जुना:
लॉटने जमीन-अस्मानाचा फरक पडतो काका. आपली मोठ्या बोअरसारखी गोळी हाताने भरता येत नाही, नानांसारखी दारू तोलून घालायची सोय नाही, कंपनीने जे दिलं ते दिलं. टेनेक्स घ्या, आरफिफ्टी घ्या, एक्सॲक्ट घ्या, डब्यावर लॉट नंबर असतो आणि तोच बघायचा. एक लॉट एका बॅरलला साखरेसारखा लागतो आणि शेजारच्या बॅरलमध्ये तोच लॉट विखुरतो. याचं पुस्तकी उत्तर कुणाकडे नाही. म्हणून वरच्या लेव्हलचे नेमबाज रायफल घेऊन इंग्लंडला किंवा जर्मनीला कंपनीच्या टेस्ट रेंजवर जातात, तिथे वाइसमध्ये लावून एकामागून एक लॉट मारतात, आणि जो लागला त्याचे हजारोंनी डबे उचलतात. आणि ब्रँड बदलल्यावर पहिल्या वीसतीस गोळ्या धरायच्या नाहीत, गोळीवरचं मेण वेगळं असतं, बॅरलला नवीन मेणाची सवय व्हायला तेवढ्या लागतात. बरेच लोक दहा मारून म्हणतात हा लॉट बेकार.

पॉइंटांचा हिशोब टूलरूमवाल्यांनी करावा, माझं गणित दहावीला सुटलं.

टूलरूमवाला_भोसरी:
करतो. पण आधी लॉटचं एक. गोळी तोंडातून साधारण सेकंदाला ३२५-३३० मीटरने निघते, आवाजापेक्षा मुद्दाम थोडी हळू ठेवतात, कारण आवाजाच्या वेगाच्या आसपास गोळीला हेलकावे बसतात. ५० मीटर जायला ०.१६ सेकंद, तेवढ्यात ती साधारण १२ सेंटिमीटर खाली येते, म्हणून साइट वर धरून असते. आता एखादी गोळी १० मीटरने हळू निघाली तर ती सात मिलिमीटर जास्त खाली पडणार. सात मिलिमीटर म्हणजे जवळपास नऊ दशांश! आणि ही चूक बॅरलची नाही, पोराची नाही, गोळीची. लॉट चांगला म्हणजे वेग एकसारखा, बऱ्याच अंशी.

आता पॉइंट. मिरजेचे बाबा, चुका साध्या बेरजेने जमत नाहीत, वर्गाने जमतात. आम्ही असेंब्लीत टॉलरन्स असेच जोडतो. पोराची सरासरी चूक साडेसहा मिलिमीटर, त्यात समजा रायफल आणि गोळी मिळून ४ ची आहे. साडेसहाचा वर्ग ४२.२५, त्यातून १६ वजा, राहिले २६.२५, त्याचं वर्गमूळ ५.१. म्हणजे पोराची स्वतःची चूक ५.१. आता भारी रायफल आणि भारी लॉट घेऊन ४ चे ३ केले तर २६.२५ अधिक ९, वर्गमूळ ५.९. साडेसहाचे ५.९ झाले. गोळीमागे सात शतांश, ६० गोळ्यांना चारेक पॉइंट.

आता रायफल तीच ठेवून पोराने स्वतःची चूक ५.१ वरून ४.५ केली तर? २०.२५ अधिक १६, वर्गमूळ ६.०. साडेतीन पॉइंट, फुकट. म्हणजे फुकट नाही, घामाचे.

आकडे मी धरलेले आहेत. रायफल खरंच ४ ची आहे का ५ ची हे वाइसमध्ये मारल्याशिवाय कळणार नाही. ५ ची निघाली तर नवीन रायफलचा फायदा दहा पॉइंटपर्यंत जातो. आणि आधीच ३ ची निघाली तर मालकाला नमस्कार करून घरी या.

ओहायोचा_नाना:
टूलरूमवाले, हे बेस्ट आहे, इकडच्या लोकांना दाखवतो. यात वारा धरला नाहीत पण. पॉइंट टूटूला सेकंदाला १ मीटरचा आडवा वारा ५० मीटरला गोळी अंदाजे सहासात मिलिमीटर सरकवतो. म्हणजे गालाला जेमतेम कळणारी झुळूक, आणि अख्ख्या बॅरलच्या भांडणापेक्षा मोठी चूक.

रंकाळ्याची_शूटर:
सगळे बॅरल बॅरल करतायत, स्टॉकबद्दल कुणी बोलणार की नाही? मी कोल्हापूरची, थ्री पोझिशन करते, तेजस्विनीताईंनी (सावंत) २०१० ला म्युनिकमध्ये प्रोनचं वर्ल्ड टायटल घेतलं तेव्हा मी शाळेत होते आणि दुसऱ्या दिवशी रेंजवर नाव घालायला रांग होती. २०२४ ला स्वप्नीलदादाचं (कुसाळे) पॅरिस ऑलिंपिकचं ब्राँझ आलं तेव्हा तर काय विचारूच नका, राधानगरी रोडला फटाके.

माझं काय झालं सांगते. सेकंडहँड रायफल घेतली, आधीचा मालक सहा फुटी, मी पाच फूट एक. बॅरल उत्तम, वाइसमध्ये दहा गोळ्यांचं एक भोक. आणि माझे स्कोर खाली आले. चीकपीस माझ्या गालाला चारपाच मिलिमीटर उंच होता, आणि मागे मिळणाऱ्या सेटिंगमध्ये तो त्याहून खाली जात नव्हता. मग मी नकळत मान तिरकी करून साइटमध्ये बघायचे, पहिल्या वीस गोळ्या मस्त, तिसाव्याला मान दुखायला लागली की डोळा मागच्या साइटच्या मध्यातून सरकायचा आणि गोळ्या घड्याळातल्या सातच्या दिशेला, खाली डावीकडे जायला लागायच्या. ट्रेनर म्हणायचे कॉन्सन्ट्रेशन. मी सहा महिने कॉन्सन्ट्रेशनवर काम केलं!!

शेवटी एका सुतारकाकांनी पाया घासून चीकपीस खाली आणला. बटप्लेट (खांद्याला टेकते ती पट्टी) आत घेतली, हँडस्टॉप (पुढचा हात अडवणारा ठोकळा) दोन बोटं मागे. आता डोळे मिटून रायफलवर गाल टेकवते, डोळे उघडले की साइट समोर पाहिजे, नसेल तर काहीतरी हललंय. काका, मुलाला ती रायफल घेऊन तास-दीड तास झोपू दे, गोळी न घालता. डोळे मिट, उघड, मिट, उघड. त्याचा गाल कुठे जातो ते तुम्ही बाजूला बसून बघा, ते बँकेतल्या माणसाला पण दिसतं.

मिरजेचा_बाबा:
तीन आठवड्यांनी परत आलोय, ज्यांनी लिहिलं त्यांना सांगणं माझं कर्तव्य.

विकणाऱ्याला वाइसबद्दल विचारलं. आधी म्हणाला हो, मग म्हणाला स्टॉक काढला की झीरो जातो, मग म्हणाला आम्ही असं नाही करत, दुसरं गिऱ्हाईक आहे. मी म्हटलं चालेल, शुभेच्छा. सौ. खूश.

क्लबची रायफल लावली. क्लबच्या ओळखीचे लायसन्सवाले गनस्मिथ आले होते, त्यांच्याकडे वाइस होता. स्टॉक काढल्यावर पहिलं काय दिसलं तर मागचा स्क्रू हाताने फिरत होता. हाताने! किती वर्षं कोण जाणे. मग तीन लॉट मारले, दहा दहाचे ग्रुप, बाहेरच्या कडेपासून कडेपर्यंत मोजलेले. मुलगा नेहमी वापरतो तो लॉट २४ मिलिमीटर. दुसरा १९. आणि तिसरा, ज्याचे चार डबे कपाटात मागे पडून होते कारण कुणाला तरी तो आवडला नव्हता, तो १५. मी तीनदा मोजला. मग त्यांनी छोटा कॅमेरा आत घालून दाखवलं, चेंबरच्या पुढे काळ्या काचेसारखी कडी जमलेली, गोळी जिथे खाचांमध्ये शिरते अगदी तिथे. म्हणाले आज काढत नाही, एकदम काढली तर काय बदललं ते कळणार नाही, आधी स्क्रू आणि लॉट बघू.

स्क्रू टॉर्क रेंचने आवळले, तो तिसरा लॉट दिला. गेल्या रविवारी क्लबच्या स्पर्धेत ६१४.३. वारा नव्हता त्यामुळे मी फार उड्या मारत नाहीये, आणि रंकाळ्याच्या ताईंनी सांगितलं तसं डोळे मिटून बघितलं तर त्याचाही गाल मागे सरकतो, ते अजून सोडवायचंय.

टूलरूमवाले, ती काळी कडी काढायची वेळ येईल तेव्हा काय विचारायचं गनस्मिथला?

टूलरूमवाला_भोसरी:
६१४! पेढे कुठायत?

एवढंच विचारा की रॉड कुठून घालणार. मागून घालणार म्हणाले, आणि मागे रॉड सरळ राहावा म्हणून गाइड लावणार म्हणाले, तर निवांत बसा. रॉड पुढून, तोंडातून घालायला निघाले तर हात धरा. क्राउनवर रॉड घासला तर तुमच्या १५ चे परत २४ होतील आणि यावेळी लॉट बदलून परत येणार नाहीत. आणि ते कपाटातले चार डबे संपायच्या आत त्याच लॉटचे अजून कुणाकडे आहेत का ते आजच फोन करून बघा, चार डबे म्हणजे २०० गोळ्या, पोरगं आठवड्यात संपवेल.

मिरजेचा_बाबा:
सांगलीत एकाकडे सहा डबे मिळाले, आताच आणले. पेढे पोस्टाने पाठवता येत नाहीत, मिरजेला या.